नळ्यातली हवा

सदा मेस्त्रींच्या लक्षात माणसं राहायची नाहीत, चाकं राहायची. एखादा गृहस्थ हसतहसत हात पुढे करून आला, तर मेस्त्री त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. मागे उभ्या असलेल्या गाडीकडे बघायचे आणि म्हणायचे, "हां हां, मागचा डावा. वॉल गळत होतो. आता बरा आसा मां?" जणू त्या माणसाच्या घरी मागचा डावा नावाचं कोणीतरी अंथरुणाला खिळलं होतं. माणूस आधी गोंधळायचा, मग खूश व्हायचा. आपल्या गाडीची इतकी आस्थेनं चौकशी करणारा या मुंबईत दुसरा कोण भेटतो?

आमची दुकानं शेजारी. घोडपदेवहून लालबागकडे येताना जुन्या गाळ्यांची एक रांग लागते, त्यातला एक गाळा माझा, पिको-फॉलचा. त्याला चिकटून त्यांचा, टायरचा. मधली भिंत नावापुरती. त्यांचा कॉम्प्रेसर धडधडायला लागला की माझी सुई साडीवर नाचायची. पहिल्याच आठवड्यात मी पदर खोचून भांडायला गेले. म्हटलं, "अहो मेस्त्री, गिऱ्हाइकाच्या पैठणीला भोक पडलं तर तुम्ही भरून देणार का?" मेस्त्रींनी मुकाट ऐकून घेतलं. मला वाटलं, ठोंब्याच दिसतो. दुपारी जुन्या ट्यूबचे चार तुकडे घेऊन आले, माझ्या मशीनच्या पायांखाली सरकवले, "आता चालवा" म्हणाले आणि माझं उत्तर यायच्या आत परतही गेले. मेस्त्री आता शेजारी नाहीत. रबराचे तुकडे अजून माझ्या मशीनखाली आहेत आणि सुई सरळ चालते.

अंगानं किरकोळ, हात मात्र गुडघ्यापर्यंत आल्यासारखे लांब. लोक खिशाला पेन लावतात तसा हे हवेचा गेज लावायचे. सकाळी दुकान उघडलं की पहिली उदबत्ती कॉम्प्रेसरला आणि मग रवळनाथाच्या तसबिरीला. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "देव समजून घेतलो, वयनी. ह्यो नाय घेवचो." बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. गिऱ्हाईक नसलं की टायरच्या थप्पीला टेकून एका पायावर उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं बघायचे. बायका साड्या बघतात ना, तसे. आणि मधेच स्वतःशी पुटपुटायचे, "अठ्ठावीस असतली. फार तर एकोणतीस." लांबून बघून हवा ओळखायचे म्हणे. मी काही कधी पडताळून बघायला गेले नाही, पण पुटपुटणं ऐकायला मजा यायची.

त्यांना गर्व एकाच गोष्टीचा होता. गाडीला गप्प करण्याचा.

नव्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर तो दिवा आला. काचेखाली पिवळा, पातेल्यासारखा आकार आणि पातेल्यात उद्गारचिन्ह. चाकात हवा कमी झाली की लागतो. मी विचारलं, गाडीला कळतं कसं? मेस्त्री माझ्या दुकानात शिरले, काउंटरवरची चार रिळं उचलली, चार कोपऱ्यांत ठेवली आणि मधे माझी कात्री. "कात्री म्हणजे गाडी. प्रत्येक चाकात, हवा भरायच्या वॉलच्या मागे, एवढीशी डबी असते. तिच्या पोटात सेल. चाक फिरायला लागलं की डबी जागी होते आणि वाऱ्यावर बोलते. मी अमुक, माझी हवा तेहतीस. मी तमुक, माझी हवा तेहतीस. गाडीला चौघींची नावं पाठ. एक कुणी अठ्ठावीस म्हणाली की गाडी दिवा लावते." मग त्यांनी लाल रीळ उचलून खिशात टाकलं आणि तिथे पांढरं ठेवलं. "आता चाक बदलला. नव्या चाकात डबी नाय, किंवा आसा तर तिची ओळख करून दिली नाय. गाडी काय करतली? लाल रिळाचीच वाट बघतली. गाडी सुरू केली की दिवा आधी लुकलुकणार, हाका मारल्यासारखा, आणि मग लागूनच राहणार. ज्याला ती ओळखते तो येईपर्यंत."

"मग ओळख करून द्यायची की," मी म्हटलं.

"द्यायची. त्याला नवी डबी लागते, यंत्र लागतं, वेळ लागतो. लोकांका घाई."

आमच्याकडच्या लोकांना घाई वर्षातून दोनदा असते, शिमग्याला आणि गणपतीला. गावाला गाडी न्यायची तर ती चकचकीत हवी, सगळी वाडी बघणार. मग कंपनीची साधी चाकं काढायची आणि मॅगव्हील चढवायची. मेस्त्रींच्या दारात रांग लागायची. जुन्या डब्या नव्या रिममध्ये नीट बसायच्या नाहीत, दिवा पेटून राहायचा, आणि मालक दुसऱ्या दिवशी कुरकुरत परत यायचा: "मेस्त्री, बायको म्हणते गाडीत काहीतरी बिघाड आहे." दुसरे मेकॅनिक त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवून द्यायचे. मेस्त्रींना पट्टी म्हणजे अडाणीपणा वाटायचा. त्यांनी डोकं चालवलं. पाण्याच्या लाइनीचा असतो तसा पीव्हीसीचा जाड नळा घेतला, हातभर लांब. जुन्या चाकांतल्या चारही डब्या त्यात घातल्या, दोन्ही तोंडं झाकणं लावून बंद केली, एका झाकणाला वॉल बसवला आणि नळ्यात तेहतीस हवा भरून तो डिकीत ठेवून दिला. गाडी हलली की डब्या जाग्या. गाडी विचारणार, पोरींनो बऱ्या आहात का? नळ्यातून चौघी एका सुरात सांगणार, तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. दिवा बंद. प्रत्येक गाडीला हे चालायचं नाही, पण ज्यांना चालायचं ते मेस्त्रींना दंडवत घालायचे.

नळा डिकीत खडखडतो म्हणून त्याला मी अस्तराच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवून द्यायचे. असे दहा-बारा नळे गेले असतील. चाकातली हवा तेवढी अधूनमधून हातानं तपासत जा, असं मेस्त्री प्रत्येकाला बजावायचे. लोक हो हो म्हणायचे. कोण तपासतो?

मयुरी त्यांची एकुलती एक. अंधेरीला ऑफिसात होती, आणि घरातली पहिली गाडी तिनं घेतली, बापानं नव्हे. गाडी दुकानासमोर आणून उभी केली तेव्हा मेस्त्रींनी चारही चाकांना बोटांच्या पेरांनी टकटक केलं, आणि मग माझ्या दुकानात येऊन भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. मी साडीत मान घालून बसले, उगाच कशाला बघा. बोलायला पोरगी तिखट. मला म्हणायची, "काकी, माझ्या जन्माच्या आधीपासून पप्पा त्या कॉम्प्रेसरचे पप्पा आहेत. मी धाकटी."

त्या वर्षी गणपतीच्या आधी मेस्त्रींनी तिला मॅगव्हील भेट दिली. जुन्या डब्या बसेनात. तिच्या गाडीत जुगाड करायचं त्यांच्या मनात नव्हतं. नव्या डब्या आणि ते ओळख करून द्यायचं यंत्र त्यांनी मागवलंसुद्धा होतं. पण कुरियर यायला वेळ होता, आणि पोरीला निघायचं होतं. मेस्त्रींच्या मिसेस, सुमनताई, घर झाडूनपुसून ठेवायला आधीच गावी गेल्या होत्या. हंगामाचं दुकान टाकून मेस्त्रींना इतक्यात निघता येत नव्हतं. मयुरी मखराचं सामान घेऊन एकटीच गाडीनं जाणार होती.

"पप्पा, हा दिवा डोक्यात जातोय माझ्या. समोर दिवा लागलेला असताना मला नाही चालवता येत. सारखं वाटतं थांबावं."

"आठ दिवस नळो ठेव. गणपती झाले की पक्कं काम करतंय."

माझ्या डोळ्यांसमोर आहे ते. टायरच्या थप्पीवर बसून तिनं दोन्ही हातांत नळा धरला होता, मेस्त्री हवा भरत होते. भरून झाल्यावर तिनं नळा कानाला लावला. "पप्पा, आतून कोणीतरी बोलतंय!" "काय म्हणता?" "म्हणतंय, मयुरीला वडापाव द्या." मेस्त्री हसले. ते असे तोंड उघडून हसायचे नाहीत कधी, पण त्या दिवशी हसले. मी खोळ चढवून दिली, मखराचा पडदाही दिला आणि म्हटलं, हळू जा गं. ती म्हणाली, "काकी, गाडीच सांगतेय सगळं ठीक आहे म्हणून."

गाव थोडक्यावर आलं असताना मागचं डावं चाक फाटलं. गाडी उलटली. मयुरी गेली.

यापुढे मला त्या दिवसांचं लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. मेस्त्री गावी गेले, कार्य आटोपून एकटेच परत आले. सुमनताई तिथेच राहिल्या. मुंबई नको म्हणाल्या. फाटलेलं चाक आणि डिकीतलं सामान एका टेम्पोतून मागाहून आलं. मेस्त्रींनी टायर रिमवरून उतरवला, आतून हात फिरवत गेले आणि एका जागी थांबले. खिळा होता. मांडवाचा. लालबागमध्ये गणपतीआधी गल्लोगल्ली मांडव चढतात, सुतार फळ्या ठोकतात आणि रस्ताभर खिळे सांडतात. या दिवसांत मेस्त्रींकडे पंक्चरची रीघ लागायची ती त्यामुळेच. तो खिळा तिला आमच्याच रस्त्यावर लागला होता आणि इथपासून तिथपर्यंत चाक हळूहळू उतरत गेलं होतं. उतरलेलं चाक वेगात पळत राहिलं की तापतं आणि कडेला फाटतं. एवढं मलासुद्धा ठाऊक झालं होतं त्यांच्या शेजारी बसून.

नळा मात्र जसाच्या तसा होता. खोळीलाही काही झालं नव्हतं. मेस्त्रींनी खिशातला गेज काढून वॉलला लावला आणि मला दाखवला. तेहतीस.

"दिवो लागलो असतो, वयनी," ते म्हणाले. "पनवेल सोडली की लागलो असतो. आणि ती थांबली असती. दिवो लागलेलो तिका खपत नव्हतो. म्हणान तर..."

त्यांनी गेज परत खिशाला लावला. मी नळ्याला खोळ परत चढवली.

त्यानंतर कुरियरवाला आला. नव्या डब्या आणि टीव्हीच्या रिमोटसारखं ते यंत्र. मेस्त्रींनी सही केली, खोकं उघडलं आणि ते यंत्र मयुरीच्या नळ्यावर धरलं. यंत्रानं हाक मारली की झोपलेली डबीही उत्तर देते. एकेक करून चौघींनी दिलं. चारदा तेहतीस. मेस्त्री मान हलवत राहिले, म्हातारी माणसं कीर्तनात हलवतात तशी.

तिथून हा माणूस वेगळाच झाला. आधी गाड्या त्यांच्याकडे यायच्या. आता हे गाड्यांच्या मागे लागले. दिलेले सगळे नळे त्यांना परत हवे होते. कोणाला दिले ते डोक्यात पक्कं, अर्थात चाकांवरून. फोन करायचे, घरी जायचे. वरळीला बीडीडी चाळीत गेले, वडाळ्याला गेले, गिरगावात एका गाडीसाठी तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. लोक सुखासुखी देतात होय? "अहो मेस्त्री, मस्त चाललंय, राहू दे की." "काढला तर तो दिवा परत लागेल ना!" हे म्हणायचे, "लागू दे." मयुरीचं कोणालाही सांगायचे नाहीत. हात जोडायचे, नव्या डब्या फुकट बसवून द्यायचे आणि नळा बगलेत मारून यायचे. आला की वॉल दाबून हवा सोडून द्यायची, नळा कापायचा. माझ्या भिंतीपलीकडून फुस्स ऐकू आलं की मी समजायचे, आणखी एक आला.

मयुरीचा तेवढा ठेवला होता, रवळनाथाच्या तसबिरीखाली. सकाळी कॉम्प्रेसरला उदबत्ती, देवाला उदबत्ती, आणि मग यंत्र नळ्यावर धरायचं. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. मला ते बघवायचं नाही. एकदा रागावलेच मी. "कशाला ठेवलाय तो? मोडून टाका. जिवाला घोर." तर शांतपणे म्हणाले, "त्या दिवसाची हवा आसा ती. तिनं धरलेलो नळो."

सुमनताईंचा मला फोन यायचा. "ह्यांका पाठव गो. एकदा तरी पाठव." मी निरोप सांगायचे. मेस्त्री चाक फिरवत राहायचे. शेवटी एकदा म्हणाले, "काय सांगू तिका? तिचो बापूस म्हणान मियाच ठेवलंय ता डिकीत? सांगूचा तर आसाच. पण आधी सगळे परत येवंदेत. कोणाच्या तरी डिकीत आजून एक आसा आणि मी तिच्यासमोर जाऊन बसू? नाय जमाचा."

म्हणजे काय, तर शेवटचा नळा मिळाल्याशिवाय बायकोचं तोंड बघायचं नाही. आणि सगळे मिळाले, एक मिळेना. पांढरी गाडी होती. मालकानं ती दलालाला विकलेली, दलालानं पुढे कोणाला तरी, आणि तो दलालही गाशा गुंडाळून गेलेला. मुंबईत पांढऱ्या गाड्या काय थोड्या आहेत? पण मेस्त्री तसल्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला हात करू लागले. सिग्नलला उभी दिसली की काचेवर टकटक. "साहेब, जरा डिकी उघडता?" वरळीला एका बाईंनी सरळ पोलिसांना बोलावलं. मला चौकीत जावं लागलं. साहेब म्हणाले, "काय हो आजोबा, डिकीत काय शोधत होता?" मेस्त्री म्हणाले, "नळो." "कसला नळ?" "पाण्याचा नाय. हवेचा." साहेबांनी माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. मला असा संताप आला! म्हटलं, साहेब, त्यांची मुलगी गेली आहे. मग त्यांनी चहा मागवला.

आणखी एक खूळ. मांडव चढायचे दिवस आले की मेस्त्री जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून रस्त्यावरून ओढत न्यायचे. सकाळी, वर्दळ सुरू व्हायच्या आत. मी दुकान उघडायला येताना लांबून दिसायचे, वाकलेले, मागे ती दोरी. कुत्र्याला फिरवतात तसे. चुंबकाला चिकटलेले खिळे ते एकेक काढून खिशात टाकायचे. मांडववाली पोरं आधी हसायची. नंतर ती त्यांना वाट करून द्यायला लागली. मेस्त्री आले की कोणी हातोडी चालवायचं नाही. ते कोणी ठरवलं नव्हतं. तसं होत गेलं.

अशी वर्षं गेली. डब्यांच्या पोटातला सेल बंद असतो, बदलता येत नाही. संपला की डबी मुकी. मयुरीच्या नळ्यातली एक डबी मुकी झाली त्या सकाळी मेस्त्री यंत्र हातात धरूनच माझ्याकडे आले. मी पाणी दिलं. पुढे दुसरी गेली, मग तिसरी. एक उरली. ती सकाळी हाकेला लगेच ओ द्यायची नाही. मेस्त्री यंत्र धरून थांबायचे, परत हाक मारायचे, परत. मी मशीन बंद करून ऐकत बसायचे. बारीक पिंक असा आवाज आला की मी श्वास सोडायचे आणि पायडल मारायचे. म्हणजे माझाही दिवस त्या डबीवर सुरू व्हायला लागला होता. त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसायची, की पांढरी गाडी सापडायच्या आत हीसुद्धा गेली तर? मग मयुरीशी बोलायला काय उरलं?

गेल्या गणपतीच्या आधीची दुपार. एक पांढरी गाडी हवा भरायला आली. घोडपदेवचंच कुटुंब, नवरा-बायको, दोन मुलं, मागे आजी मांडीवर देवाच्या ताम्हणांची पिशवी घेऊन. गावाला निघालेले. गाडी जुनी घेतलेली. मेस्त्रींनी नेहमीसारखं म्हटलं, "डिकी उघडा." तो दादा म्हणाला, "अहो, सामान ठासून भरलंय." "उघडा." सामान बाहेर काढलं. मी उगाचच दारात येऊन उभी होते. सगळ्यात तळाशी मला माझी खोळ दिसली. मळून काळी झालेली, पण शिलाई माझीच. निळं अस्तर, त्याला हिरवा दोरा, कारण त्या दिवशी निळा दोरा संपला होता.

"मेस्त्री," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं होतं.

"हे होय? आम्हाला वाटलं सीएनजीचं काहीतरी आहे," दादा म्हणाला. "म्हटलं, हात लावायला नको."

मला वाटलं मेस्त्री ओरडतील, निदान रडतील. तसलं काही नाही. त्यांनी दादाला गाडी सुरू करायला लावली. "काय म्हणता ती?" दादानं काचेखालचे आकडे बघितले. "तेहतीस. चारही." मेस्त्रींनी खिशातला गेज काढून मागच्या डाव्या चाकाला लावला आणि त्याच्यासमोर धरला. एकोणीस होती. दादाचं तोंड उतरलं. गाडी आतून तेहतीस सांगतेय, गेज एकोणीस सांगतोय, आणि त्या चाकाच्या बरोबर वर आजी आणि दोन पोरं.

मेस्त्रींनी चाक उतरवलं. खिळा काढला, पंक्चर काढलं, चारही चाकांत हवा भरली आणि नळा फोडून त्यातल्या डब्या बाजूला ठेवल्या. गाडी सुरू केली तर दिवा लुकलुकायला लागला. बायको घाबरली. "अय्या, हे काय? आधी नव्हतं हे!"

"लागूंदे, ताई. नवी डबी बसेपर्यंत तो लागतलोच. खोटो दिवो बरो, खोटी तेहतीस नको." मग त्यांनी खिशातला गेज काढून दादाच्या हातात ठेवला. तो गेज मी त्यांच्या खिशाशिवाय कुठे पाहिला नव्हता. "जिथे थांबाल तिथे लावा. प्रत्येक ठिकाणी. माका वचन द्या." दादानं दिलं. आजीनं पिशवीतून नारळ काढून मेस्त्रींना दिला आणि काही न कळताही त्यांच्या हातावरून हात फिरवला. गाडी गेली.

मेस्त्रींनी रवळनाथाच्या तसबिरीखालचा नळा काढला. खोळ उतरवली, घडी केली, माझ्या हातात दिली. टायरच्या थप्पीवर बसले, ती बसायची त्या जागी. मी म्हटलं ना, ते बसायचे नाहीत कधी. यंत्र धरलं. हाक मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. म्हटलं, अगं बाई, आज नको, आज एक दिवस बोल. तिसऱ्यांदा पिंक झालं. तेहतीस.

"बघा, वयनी. आजून म्हणता सगळा ठीक आसा."

आणि त्यांनी नखानं वॉल दाबला.

फुस्स. किती वर्षांची हवा ती, तिला कसला वास नव्हता, काही नव्हतं, माझ्या साडीचा पदर तेवढा हलला. मेस्त्रींचा अंगठा वॉलवर आणि डोळे यंत्रावर. आकडा उतरायला लागला. एकोणतीस. सव्वीस. बावीस. मग यंत्र ओरडलं. एरवी ते पिंक करायचं, आता ओरडलं, आकडे लाल झाले आणि लुकलुकायला लागले. आत राहिलेली ती एकटी डबी जीव तोडून सांगत होती की हवा जातेय, हवा जातेय, थांबा. मेस्त्रींनी ते पूर्ण ऐकलं. हवा संपली तरी अंगठा काढला नाही.

"आता बोलली," ते म्हणाले. आणि बाप रडतो तसे रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. रस्त्यावरून माणसं जात होती, जाऊ देत.

संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं. हातात एक पिशवी, बगलेत रिकामा नळा. मी विचारलं, "हा कशाला नेताय?" "सुमनाक दाखवूचो. सगळा सांगतंय तिका. मगे ती काय म्हणात ता म्हणात." मी खोळ पुढे केली. त्यांनी नको म्हटलं. उघडाच नेला.

मी दारात उभी राहून बघत होते. कोपऱ्यावर मांडवाची पोरं फळ्या ठोकत होती. मेस्त्री आले तसे हात थांबले. मेस्त्री त्यांच्यामधून पुढे गेले, थांबले, नळा सांभाळत वाकले, रस्त्यावरून काहीतरी उचलून खिशात टाकलं आणि बस पकडायला वळले.